अंबूबाईच्या लुगड्याचं विमान

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या खडकओहळात मोटारसुद्धा कुणी पाहिली नव्हती तेव्हा, माळावर एक विमान उतरलं. त्याला एकावर एक असे दोन पंख होते, मध्ये लाकडी खांब आणि तारा, आणि पंखांवर कापड. उतरताना बाभळीत अडकून खालचा पंख टरकन फाटला. असं म्हणतात, त्या आवाजाने पाटलांचे बैल दावं तोडून पळाले, ते तिसऱ्या दिवशी सापडले.

विमानात पटकीची लस होती, घाटापलीकडच्या शेंदूरवाडीसाठी. तिथे अंबूबाई कोष्टिणीची लेक कृष्णी नांदत होती. पायी जायला चार दिवस लागत. तोवर कोण उरलं असतं?

गावच्या शिंप्याने जुन्या धोतराचं ठिगळ लावलं. विमानवाला पारशी होता. त्याने ते बोटाने दाबलं आणि अंबूबाईला म्हणाला, "मावशी, असा ढिला चालनार नाय. वर जाऊन फाटेल, नी मी मरेल."

कोरं कापड सगळं कालच बाजाराला गेलं होतं. उरलं होतं फक्त अंबूबाईच्या मागावरचं, अर्धं विणलेलं हिरव्या काठाचं लुगडं. आणि अर्धं लुगडं कोष्टी कधी कापत नाहीत. कापलं तर घरातल्या लेकराचं आयुष्य तुटतं, अशी समजूत.

तिचा नवरा लिंगाप्पा मागापुढे आडवा आला. "अगं, अशानं कृष्णी जायची!"

"न कापता तरी कुठं राहतेय? सरका तिकडं."

तिने कात्री घेतली आणि कापलं.

माळावर शिंपी हसला. "काय अंबूबाई, पाखराला चोळी शिवता का?"

"आधी दोरा ओवून द्या, मग हसा."

तिने ओलं कापड फासळ्यांवर ताणून शिवलं, वर चिंचोक्यांच्या खळीचे सात हात दिले. असं म्हणतात, त्या दिवशी सूर्य दोन घटका जास्त थांबला. खळ वाळल्यावर टिचकी मारली, तर पंख डफासारखा वाजला.

विमान उडालं. घाटातला वारा फार वाईट. पण असं म्हणतात, पंखावरचा हिरवा काठ दिसला तसा वारा खाली बसला.

पटकीमुळे वाटा बंद होत्या, निरोप येईना. अकरा दिवस अंबूबाई मागावर बसली नाही. ज्याला त्याला विचारायची, "पोचलं असेल का हो?" बाराव्या दिवशी कृष्णीच दारात आली, वाळून काडी झालेली. अंबूबाईने आधी तिच्या दंडावरची सुईची खूण चाचपली, मग रडली.

आता गावात यंत्रमाग आहेत. तरी वरून विमानाचा आवाज आला की एकेका मागाचं बटण बंद होतं. आत कोण आहे, कुठे चाललंय, आपल्याला काय ठाऊक? आवाज घाटापलीकडे विरेपर्यंत कुणी मागाला हात लावत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "पोचेल," आणि माग पुन्हा सुरू होतात.