मिस्त्रींची चिठ्ठी

“आता यात खोट काय राहिली, तेवढं सांगा की मिस्त्री?”

सुकुमार चौगुलेनं लेथवर नुकताच कातलेला पितळी बुश माझ्या सासऱ्यांपुढे धरला. सोमवारी पंपाच्या कारखान्यात त्याची मुलाखत होती. तिथं सर्टिफिकेट सगळेच दाखवतात; दाजीबा मिस्त्रींची चिठ्ठी असली तर माणूस आत घेतात. तीन महिने त्याला ती चिठ्ठी मिळत नव्हती.

मामंजींनी मायक्रोमीटर लावला. बुश फिरवून पुन्हा लावला.

“खोट नाही.”

“मग लिहा.”

मामंजींनी बुश फडक्यानं पुसून बाजूला ठेवला.

“आयटीआयला पहिला आलोय मी.”

“ऐकलंय. रोज ऐकतो.”

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. लग्नाला दोन महिने झालेले. काम पकडणारा लेथचा गोल जबडा म्हणजे चक. तो आवळायची चावी त्यातच राहिली आणि मशीन सुरू झालं, तर ती गोळीसारखी उडते. सासरी मला पहिल्यांदा शिकवलं ते हे. मिठाचा डबा कुठे असतो, ते नंतर कळलं.

“जा, हात धुऊन ये,” मामंजी म्हणाले.

सुकुमार नळावर गेला.

मामंजींनी मेन स्विच खाली ओढला. चावी उचलून चकमध्ये खोचली. मग मला बोटानं जागा दाखवली. लेथच्या पलीकडे, चकच्या अगदी समोर.

मी ट्रेसकट तिथं जाऊन उभी राहिले. नव्या सुनेनं फार विचारायचं नसतं.

डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. मे महिना होता.

सुकुमार पँटला हात पुसत आला.

“एकदा मशीन सुरू करून दाखव,” मामंजी म्हणाले. “मग बघू चिठ्ठीचं.”

“एवढंच?”

तो हसला. मामंजींच्या खिशातल्या पेनाकडे बघत त्यानं हिरवं बटण दाबलं.

काही झालं नाही.

“लाइट गेली वाटतं.”

मामंजींची नजर चकवर होती. सुकुमारनं तिकडे बघितलं. चावी दिसली. मग चावीच्या समोर मी दिसले.

त्याचा चेहरा उतरला...

“पण मिस्त्री, ती चावी मी ठेवली नव्हती.”

मामंजींनी ट्रेमधला कप उचलला, चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

“तसं वहिनीला सांग.”