सूनबाईच्या माहेरचं रोप

फार पूर्वी एका कोरड्या मुलखाच्या राजवाड्यात एक म्हातारी दाई होती. खुद्द राजाला तिने पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं, पुढे राजाच्या मुलालाही. राज्यात कुणाचं तान्हं किरकिर करू लागलं की दाईआजीला बोलावणं यायचं. तेल, कढत पाणी, धुरी आणि कोवळं ऊन एवढ्यावर तिने पन्नास लेकरं वाढवली होती. त्यामुळे ती कुणाला काही विचारायच्या भानगडीत पडत नसे. एवढा अनुभव गाठीशी असला की माणसाला थोडा ताठा येणारच.

राजपुत्राचं लग्न झालं. सून आली ती समुद्रापलीकडच्या, बारा महिने पाऊस पडणाऱ्या घनदाट रानातून. येताना तिने माहेराहून एकच गोष्ट मागून आणली होती, एक रोप. मोठाली मखमली पानं आणि प्रत्येक पानावर रांगोळीच्या बोटांनी ओढाव्यात तशा पांढऱ्या रेघा. तिच्या आईने ते आपल्या दारातून काढून दिलं होतं.

इकडे आल्यापासून मात्र सूनबाई बोलेना, जेवेना, माडीवरच्या खोलीतून बाहेर येईना. राणीला काळजी लागली. तिने दाईआजीला बोलावलं.

"दाई, पोरीकडे बघ जरा. आणि तिचं ते रोप जप. तिचा सगळा जीव त्यात आहे."

"म्हणजे आता दोन लेकरं झाली माझ्या पदरात," दाईआजी खुशीत म्हणाली आणि कामाला लागली.

तिने पानापानाला तिळाचं तेल चोळलं. सकाळी रोपाला उन्हात बसवलं, संध्याकाळी ओव्याची धुरी दिली. तहान लागायला नको म्हणून कुंडीत तांब्यामागून तांबे ओतले. खोडातून लोंबणाऱ्या मुळ्या तिला उघड्यावर गारठल्यासारख्या वाटल्या, त्या तिने चिखलात दडपून टाकल्या. वर दृष्टही काढली. मायेत कसूर म्हणून नव्हती.

महिनाभरात रोपाची पानं पिवळी पडून गळायला लागली. रोज दुपारी ताट घेऊन दाईआजी माडीवर जायची, तेव्हा सूनबाई एकच विचारायची, "रोप बरं आहे?"

"बाळसं धरतंय," दाईआजी खाली बघून सांगायची. तेवढ्या उत्तरावर पोर दोन घास गिळायची. म्हणूनच दाईआजीला खरं बोलायचा धीर होईना.

शेवटी एक पान उरलं. राजवाड्याचा माळी हळूच म्हणाला, "दाईआजी, हे काही आता जगत नाही. माझ्याकडे पांढऱ्या ठिपक्यांचं शोभेचं अळू आहे. याच कुंडीत लावून देतो. सूनबाईंनी कधी माडीवरून डोकावलं, तरी लांबून काय कळतंय?"

दाईआजीला मोह झाला. खरं सांगितलं आणि पोरीने ते दोन घासही टाकले तर? पण तिच्या हातून पन्नास लेकरं वाढली होती, आणि एकाही आईपुढे तिने दुसरीचं मूल आणून ठेवलं नव्हतं. ती उठली. कुंडी कमरेवर घेतली आणि धापा टाकत जिना चढली.

"पोरी, मी तुझ्याशी खोटं बोलत होते," तिने कुंडी सुनेपुढे ठेवली. "लेकराचं करावं तसं सगळं केलं मी याचं. आता मला काही उमजत नाही. तुझी आई काय करायची गं याचं?"

सुनेने पानाला हात लावला आणि बोटांकडे पाहिलं. "याला तेल लावलंत?"

"लावलं."

"ऊन?"

"रोज. ओव्याची धुरीसुद्धा दिली," दाईआजीने आपणहून कबूल केलं.

सूनबाईला हसू फुटलं. हसता हसता ती रडायला लागली आणि दाईआजीच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडली. म्हातारीलाही रडू आवरलं नाही.

मग पोर बोलायला लागली. "आमच्याकडे झाडं इतकी उंच, की ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. हे त्यांच्या सावलीत, कुजलेल्या पाल्यात वाढतं. मुळ्यांना वारा लागतो, पानांना धुकं. आई फारसं काही करायचीच नाही."

त्या दिवशी सूनबाई पहिल्यांदा माडी उतरली. दोघींनी मिळून रिठ्याच्या पाण्याने पानावरचं तेल धुतलं. सडक्या मुळ्या कापल्या, चिखल काढून कुजका पाला आणि नारळाचा काथ्या भरला, आणि कुंडी वडाच्या गर्द सावलीत ठेवली. पाणी द्यायचं ते नुसतं शिंपडून.

कितीतरी दिवस काहीच घडलं नाही. दाईआजीचे हात नुसते शिवशिवायचे, पण ती ते पदरात गुंडाळून बसायची. आणि एका सकाळी खोडाच्या टोकाला सुरळी केलेलं कोवळं पान दिसलं.

"आजी, आलं," सूनबाई म्हणाली. तिने तिला आजी अशी हाक पहिल्यांदाच मारली होती.

त्या दुपारी दाईआजी ताट वाढायला बसली आणि तिचा हात थांबला. ती तशीच रिकाम्या हाताने वडाखाली गेली.

"बाळ, तुला काय आवडतं खायला?"

सूनबाई तिच्याकडे बघतच राहिली. एवढ्या दिवसांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

"साधा भात, आजी," ती म्हणाली. "पण तुम्ही माझ्याजवळ बसून जेवायचं."

त्या दिवशी तिने दोनदा भात मागून घेतला.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यावर माया करायची, त्याला काय हवं ते आधी त्यालाच विचारावं. आपल्याला काय देता येतं, ते नंतर बघावं.