दुसरी जाळी

"मग माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा."

देवयानी शेटे हे दुसऱ्यांदा विचारत होती. दस्तगीरकाका सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत होते.

कर्करोग रुग्णालयाच्या तळमजल्यावर बिलांची खोली आहे. तिची खिडकी बाहेरच्या बाकांकडे उघडते. त्या वर्षी मी रोज त्या बाकावर बसत असे, म्हणून हे सगळं मला दिसलं आणि माझ्या कानावर पडलं.

तिथलं काम असं. वरच्या मजल्यावर रुग्णाला किरणोपचार देताना जे जे करतात, जी जी वस्तू बनवतात, तिला एक ठरलेला क्रमांक असतो. त्याला कोड म्हणतात. खालच्या खोलीत तो कोड लावायचा आणि कागद विमा कंपनीकडे पाठवायचा. काका हे एकोणतीस वर्षं करत होते, देवयानी चार महिने. कोडिंगच्या परीक्षेत ती राज्यात पहिली आली होती. कोडांचं जाडजूड पुस्तक तिला पाठ होतं, आणि ते पाठ आहे हे ती कोणाला विसरू देत नसे.

काकांचा एक रिवाज होता. हातात न घेतलेल्या वस्तूला ते कोड लावत नसत. पहिल्याच दिवशी ते तिला म्हणाले होते, आठवडाभर वर जाऊन बसा, वस्तू हाताळून बघा. तिनं विचारलं, परीक्षेत असलं काही विचारतात का? काका म्हणाले, नाही. मग ती गेली नाही. काकांनी पुन्हा सांगितलं नाही.

त्या शुक्रवारी दुपारपर्यंत तिनं चाळीस फायली हातावेगळ्या केल्या होत्या. एवढ्या त्या खोलीत कोणी कधी केल्या नव्हत्या. एकेचाळिसावी फाईल गजाबाई लोहार यांची. गळ्याचा कॅन्सर.

अशा रुग्णाचं डोकं यंत्राखाली तसूभरही हलून चालत नाही. म्हणून प्लास्टिकची भोकाभोकांची शीट गरम पाण्यात मऊ करतात आणि चेहऱ्यावर ओढून बसवतात. काही मिनिटांत ती चेहऱ्याच्या आकारात घट्ट होते. मग रोज तीच चेहऱ्यावर चढवून टेबलाला अडकवायची. कागदावर तिला मास्क म्हणतात. रुग्ण जाळी म्हणतात.

लोहारबाईंच्या फायलीत दोन जाळ्या होत्या. तोच रुग्ण, तोच आजार, तोच कोड. पुस्तकातला नियम स्पष्ट होता. एका रुग्णाला, एका उपचारात, जाळी एकदाच. देवयानीनं दुसरीवर लाल रेघ ओढली आणि फायलीच्या तोंडावर शेरा मारला, 'दुबार'.

चार वाजता कागद कंपनीकडे जातात. हा शेरा गेला असता तर फाईल अडली असती, आणि चौकशी होईपर्यंत लोहारबाईंचा उपचार थांबला असता. वीस दिवस झाले होते, तेरा राहिले होते. मधला थांबलेला प्रत्येक दिवस आजाराच्या पदरात पडतो.

काकांनी गठ्ठ्यातून तेवढी एक फाईल काढून बाजूला ठेवली होती.

"चुकलं असं मी कुठं म्हटलं?" ते म्हणाले. "पुस्तकात तसंच आहे."

"मग फाईल का थांबवली?"

"चाळीस झाल्या की. एक राहू दे."

टोमणा तिला झोंबला. ती म्हणाली, सही माझी असते, उद्या कंपनीचा माणूस मलाच विचारणार. काका म्हणाले, हो, तुम्हालाच विचारणार. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"वर जा, बाई. लोहारबाईंच्या दोन्ही जाळ्या घेऊन या."

"आत्ता? सव्वातीन झालेत."

"म्हणून तर आत्ता."

ती गेली. दहा मिनिटांनी परत आली ती दोन सुपं काखेत धरावीत तशा जाळ्या धरून. दोन्हींवर चिकटपट्टीवर लोहारबाईंचं नाव होतं. तिनं त्या टेबलावर ठेवल्या. पांढरं नाक, मिटलेले ओठ, हनुवटी... दोनदा.

"सारख्याच आहेत," ती म्हणाली. "तीच शीट, तेवढीच जाडी. वर विचारूनही आले. कोड एकच लागतो."

"एकच लागतो."

"मग?"

काकांनी पुस्तक उचलून खुर्चीवर ठेवलं. टेबल मोकळं झालं.

"नवी खाली राहू दे. जुनी तिच्यावर ठेवा."

तिनं ठेवली.

नाक नाकावर बसलं. कपाळ कपाळावर बसलं. गालांपाशी मात्र पोकळी राहिली. तिनं जबड्याखाली हात घातला. दोन्ही जाळ्यांच्या मधून तिची दोन बोटं सहज आत गेली.

तिनं ती तिथंच ठेवली.

...

"किती दिवसांत?"

"तीन आठवडे. घास उतरत नाही ना."

"जुन्या जाळीत डोकं हलत असेल." ती हळू बोलत होती. "आणि किरण भलतीकडेच..."

तिनं फाईल मागच्या बाजूनं उघडली. शेवटी सिस्टरांनी ठेवलेला वजनाचा कागद होता. चोपन्न, एक्कावन्न, एकोणपन्नास, सेहेचाळीस. त्या कागदाला कोड नसतो, म्हणून तिनं तो उलटलाच नव्हता.

तिनं नवा फॉर्म घेतला. कारण लिहिलं, वजनाचा कागद जोडला आणि डॉक्टरांच्या सहीसाठी स्वतः जिना चढून गेली. चारला पाच मिनिटं कमी असताना फाईल गेली.

मग ती खुर्चीवर बसायला गेली. तिथं पुस्तक होतं. ती उभीच राहिली.

"तुम्ही फाईल उघडली नव्हती, काका. नुसती बाजूला ठेवली होती. तुम्हाला कसं कळलं?"

"लोहारबाई रोज सकाळी उपचाराची चिठ्ठी द्यायला खिडकीतून हात आत घालतात," काका म्हणाले. "पहिल्या आठवड्यात बांगड्या मनगटाशी असायच्या." मग त्यांनी स्वतःच्या कोपराला बोट लावलं.

त्या खिडकीतून रोज दीडशे हात आत जात. माझाही जात असे.

सोमवारी मी पाहिलं, तर सव्वानऊला देवयानी खिडकीपाशी येऊन थांबलेली. लोहारबाईंचा हात आत आला. तिनं चिठ्ठी घेतली, पण हात लगेच सोडला नाही. लोहारबाई हसून म्हणाल्या, नवी जाळी लई आवळ बसतीया, बया. देवयानी म्हणाली, आवळच बसायला हवी, मावशी.

मंजुरी आली होती. एकविसावा दिवस चुकला नाही.

जुनी जाळी अजून टेबलावरच होती. उपचार संपल्यावर लोक जाळ्या घरी नेतात. काही घरांत त्या माणसापेक्षा जास्त दिवस राहतात. देवयानीनं ती फडक्यानं पुसली आणि लोहारबाई परत जाताना द्यायची म्हणून कपाटावर ठेवली.

काकांनी हे पाहिलं. जिंकल्याची एक रेघही त्यांच्या तोंडावर नव्हती. एकोणतीस वर्षं बरोबर असलेल्या माणसाला हे जमणं सोपं नसावं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "एक धडा घेतला, काका. वेळ आली तर नियम मोडावा लागतो."

काकांनी फायलीतून मान वर केली.

"कोणी मोडला?"

"आपणच की. पुस्तकात एकच आहे. आपण दोन लावल्या."

काकांनी हात लांब करून अजून खुर्चीवरच असलेलं पुस्तक उचललं, दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवलं.

"पुस्तक बरोबर आहे, बाई. एका चेहऱ्याला एकच."