कुंकवाने लांबलेली घटका

चूक राजाची होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर गोष्ट संपता संपता तुम्ही समुद्राला नावं ठेवाल, आणि समुद्राने काही केलं नव्हतं. चंद्रानेही नाही. ते दोघं आपापलं काम करत होते. राजा धीरसेन मात्र करत नव्हता.

पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

तर हा धीरसेन राजा बेटावरच्या गडात राहायचा. बेट किनाऱ्यापासून फार लांब नव्हतं, पण मधे समुद्र. होडी घालावी तर पाण्याखाली सुळ्यांसारखे खडक. मग माणसं जायची कशी? चालत! हो, समुद्रातून चालत. भरती असली की सगळीकडे पाणीच पाणी. ओहोटी लागली की पाणी मागे सरायचं आणि मधोमध वाळूची वाट वर यायची, मगरीच्या पाठीसारखी. त्या वाटेने दूध यायचं, भाजी यायची, पाहुणे यायचे. मग भरती आली की वाट गडप.

पाणी असं पुढेमागे का होतं? चंद्र ओढतो म्हणून. हात नाहीत, दोरी नाही, लांबूनच ओढतो, आणि एवढा अगडबंब समुद्र त्याच्याकडे फुगतो. हा चंद्र आपल्यापासून दरवर्षी जरा जरा लांबही चाललाय, बरं का. आपली नखं वाढतात ना, साधारण त्या गतीने. नाही, हात दाखवू नका, आत्ता नखं मोजायची नाहीत. सांगायचं काय, चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो, म्हणून भरतीओहोटीही रोज उशिरा येते, दोनेक घटकांनी, म्हणजे पाऊणेक तासाने. आणि अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका बाजूला येऊन दोघं मिळून ओढतात. मग ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की वाटतं, गेलं ते गेलंच. पण जेवढं मागे जातं तेवढंच चवताळून परत येतं.

राजाच्या आजोबाला हे ठाऊक होतं. त्याने तांब्याचं एक पात्र करून घेतलं. वाटीसारखं, तळाला सुईच्या टोकाएवढं भोक. हंड्यातल्या पाण्यावर ते सोडायचं. भोकातून पाणी आत येतं, पात्र भरतं, बुडतं. बुडलं की एक घटका झाली. मग काढून परत सोडायचं. सूर्य उगवल्यापासून हे चालू. कोणत्या तिथीला कितव्या घटकेला वाट बुडते ते आजोबाने ठरवून दिलं होतं. बुडायच्या जरा आधी बुरुजावरची घंटा वाजायची. घंटा वाजली की वाटेवरच्याने पळत सुटायचं आणि किनाऱ्यावरच्याने पाऊल टाकायचं नाही.

आणि म्हाताऱ्याने बजावलं होतं, पात्र रोज राखेने घासा.

मग म्हातारा मेला. काही वर्षांनी धीरसेन गादीवर आला. म्हणाला, "आमच्या आजोबांचं पात्र, आणि राखेने घासता? खरकटं भांडं आहे का ते? पूजा करा त्याची!"

झालं. घासणं बंद, पूजा सुरू. रोज सकाळी तूप आणि कुंकू कालवून पात्राच्या नाभीला लावायचं. नाभी म्हणजे कोणती? तेच ते भोक. मोठ्या माणसांची ही खोडच आहे. एखाद्याचं ऐकायचं नसलं की त्याची पूजा करतात.

तूप थिजायचं, कुंकू चिकटायचं. कालच्यावर आजचं, आजच्यावर उद्याचं. भोक बारीक होत गेलं. पाणी हळू येऊ लागलं. पात्र उशिरा बुडू लागलं. घटका लांबली. पण गडावर कोणाला कळणार? घटका मोजायला दुसरं होतं काय?

एकदा काय झालं, एक धनगर शेळ्या घेऊन वाटेवर होता. घंटा वाजली नव्हती आणि पाणी शेळ्यांच्या पोटाला लागलं. कशाबशा ओढून काढल्या. राजा म्हणाला, "शेळ्या हळू चालवल्या असतील." धनगराला फटके.

मग दुसऱ्यांदा एक वऱ्हाड येत होतं. नवरीच्या कपड्यांची पेटी वाहून गेली, ताशा वाहून गेला, नवरीला केसाला धरून वर काढली. आता कोणाची चूक? सगळ्या म्हाताऱ्या एका सुरात म्हणाल्या, "पोरगी पांढऱ्या पायाची." राजानेही तेच म्हटलं. चूक झाली की मोठी माणसं आधी बघतात, इथे सगळ्यांत लहान कोण आहे.

त्या वऱ्हाडातला ताशेवाला मात्र धीट होता. तो म्हणाला, "महाराज, पाणी आधी आलं, घंटा मागून वाजली. मी डोळ्यांनी पाहिलं."

राजाला ते झोंबलं. त्याने दवंडी पिटवली. यापुढे कोणी पाण्याकडे बघून वेळ सांगायची नाही. पात्र सांगेल तीच वेळ. जो बघेल त्याला कोठडी.

मग लोकांनी बघायचं सोडलं. समुद्रात राहायचं आणि समुद्राकडे बघायचं नाही! हसताय काय? खरंच सोडलं. कोठडी कोणाला हवी असते?

राजाला दोन मुली होत्या. थोरली केतकी, धाकटी बकुळ. आई लहानपणीच गेलेली. केतकीचं लग्न होऊन ती किनाऱ्यापलीकडच्या राज्यात नांदत होती. तिला मुलगा झाला. राजाने अजून त्याला पाहिलंही नव्हतं. त्याने निरोप धाडला, "नातवाचं उष्टावण इथेच होईल. पहिला घास मी भरवणार." उष्टावण म्हणजे बाळाला पहिल्यांदा खीर चाटवतात ते. मुहूर्त काढला घटकेबुवांनी. घटकेबुवा म्हणजे पात्राजवळ बसणारा म्हातारा. आणि मुहूर्त कधीचा काढला? अमावास्या संपता संपता, त्याच सकाळचा. वर म्हणाला, "अमावास्येला ओहोटी मोठी, वाट रुंद. राजकन्येला त्रास नाही." निम्मं कळलं होतं त्याला. ते तर फारच वाईट.

आता बकुळचं सांगायचं राहिलं. ती लहान असताना, पूजा सुरू व्हायच्या आधी, घटकेबुवांच्या शेजारी बसून खेळायची. तिने एका करवंटीला खिळ्याने भोक पाडलं होतं. करवंटी आणि पात्र दोन्ही एकदम पाण्यावर सोडायची. भोक थोडं थोडं कोरत गेली, तेव्हा कुठे दोन्ही बरोबर एका वेळी बुडायला लागली. नुसता खेळ, बरं का. करवंटीची कोणी पूजा केली नाही, म्हणून ती रोज काथ्याने घासली जायची. आणि गेल्या वर्षभरात बकुळने पाहिलं, करवंटी आधी बुडते. पात्र मागून. दर महिन्याला जास्तच मागून.

तिने बापाला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "करवंटी खोटी आहे." दुसऱ्यांदा सांगितलं. तो म्हणाला, "जा, सासरी गेलीस की शहाणपणा कर." तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली ती उष्टावणाच्या सकाळी.

सूर्य वर आला होता. बुरुजावर हंडा, हंड्यात पात्र. बकुळने आपली करवंटी एका घमेल्यात सोडली होती, सूर्य उगवल्यापासूनच. राजा रेशमी उपरणं घेऊन घंटेपाशी उभा. चांदीच्या वाटीत खीर तयार. पलीकडे किनाऱ्यावर केतकीचा मेणा आला. भोयांनी कान दिला. घंटा वाजलेली नाही. म्हणजे वाट अजून उघडी आहे. उतरले वाळूत.

आणि इकडे करवंटी बुडाली. शेवटची घटका भरली. पात्र तरंगतच होतं.

"बाबा, घंटा द्या!"

"पात्र बुडालेलं नाही."

"ते कसं बुडेल? भोक बुजलंय. बघा ना, थेंब थेंब येतंय पाणी." बकुळने हंड्याकडे हात नेला.

घटकेबुवा किंचाळला, "ताईसाहेब, बोट लावू नका! पारोशा आहात तुम्ही!"

"तुम्ही रोज अंघोळ करून काय दिवे लावलेत, बुवा?"

"बकुळ!" राजा म्हणाला. "आजोबांचं पात्र खोटं, आणि तुझी करवंटी खरी? चटणीच्या नारळाची?"

"मग दोन्हींचं ऐकू नका. खाली बघा. नुसतं वळून पाणी बघा, बाबा."

वळायचं होतं, बस. कठडा हाताला लागेल इतका जवळ. पण राजा वळला नाही. बघितलं असतं तर धनगराचे फटके चुकीचे ठरले असते. नवरीला दिलेला बोल चुकीचा ठरला असता. ती दवंडीही. एवढं सगळं एकदम चुकीचं निघण्यापेक्षा न बघणं सोपं होतं.

बकुळने घंटेचा दोर धरला. राजाने तिच्या हातातून तो हिसकला आणि स्वतःच्या मुठीला गुंडाळला. "पात्र बुडेल, मग वाजेल."

खाली मेणा निम्म्यावर आला होता. त्या वाटेची एक खोड होती, ऐका नीट. मधली वाळू उंच होती आणि दोन्ही टोकांना, किनाऱ्याकडे आणि गडाकडे, खोल चर. भरती समोरून नाही यायची. आधी मागच्या चरात शिरायची, गुपचूप. भोयांना समोर वाळू दिसत होती, कोरडी ठक्क. आणि पाठीमागे परतीची वाट केव्हाच बुडाली होती. बकुळला वरून सगळं दिसत होतं.

मग तिने काय केलं? हंड्यात हात घातला. आजोबांचं पात्र उचललं, कुंकवासकट, तुपासकट, आणि घातलं घंटेवर.

ठण्ण!

परत. ठण्ण! पात्राला पोचा आला. कुंकवाचे पोपडे उडाले, घटकेबुवाच्या अंगावर, राजाच्या उपरण्यावर. परत. ठण्ण!

खाली भोयांनी मागे पाहिलं. मागे समुद्र. एकाने ओरडून विचारलं, "मागं फिरायचं का?" दुसरा म्हणाला, "मागं काय राहिलंय आता?" मेणा तिथेच टाकला. केतकी बाळाला छातीशी बांधून पळत सुटली. पाणी घोट्याला आलं. गुडघ्याला आलं. मग पुढचा चरही भरला आणि ती कमरेपर्यंत आत गेली. भोयांनी एकमेकांना धरून साखळी केली. बाळाला सोडवून डोक्यावर घेतलं, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या हातातून तिसऱ्याच्या. लाट आली. केतकी दिसेनाशी झाली.

बकुळ तोपर्यंत गडाच्या पायऱ्यांवरून खाली आली होती. तिने शेवटच्या पायरीवर आडवं पडून हात घातला आणि जे लागलं ते ओढलं. बहिणीची वेणी लागली. ओढली. केतकी वर आली, खोकत, ओकत. मागून बाळ आलं, रडत. रडत होतं म्हणून सगळ्यांना कळलं की जिवंत आहे. मग भोई आले, एकूण एक. मेण्याचा मात्र खडकांवर भुगा झाला.

घाबरू नका. वाचले सगळे. म्हटलं ना.

मग राजा आला पायऱ्या उतरून. हातात ती खिरीची वाटी. दुसऱ्या मुठीला दोराचा वळ उमटलेला. म्हणाला, "बाळ कसंय?"

केतकीने विचारलं, "बाबा, घंटा इतकी उशिरा का झाली?"

घटकेबुवा मागून म्हणाला, "ग्रह जरा..."

"बुवा, तुम्ही गप्प बसा. बाबा, दोर कोणाच्या हातात होता?"

राजा म्हणाला, "माझ्या." एवढं मात्र खरं बोलला.

"वरून आम्ही दिसत नव्हतो तुम्हाला?"

"मी बघितलं नाही."

केतकीने ओला पदर ओढला आणि बाळाचं तोंड झाकलं. "मग आता यालाही बघू नका."

राजा वाटी घेऊन उभा राहिला. ती गडात गेलीच नाही. त्याच पायरीवर बसून राहिली, पाठ फिरवून, बाळाला पाजत. बकुळने कोरडं लुगडं आणून दिलं, भोयांना गरम पेज आणून दिली. राजा एकदा म्हणाला, "वर चल, पोरी." दुसऱ्यांदा म्हणाला, "माझं चुकलं." संध्याकाळी परत ओहोटी लागली. बकुळने कठड्यावरून पाणी डोळ्यांनी बघितलं आणि सांगितलं, "जा आता." केतकी गेली. मागे वळून पाहिलं नाही.

मग बकुळने पात्र पोच्यासकट राखेने आणि चिंचेने घासलं. पार भोकापर्यंत. करवंटीशेजारी सोडून पाहिलं, पोचा ठोकून सरळ केला, परत सोडून पाहिलं, दोन्ही एकदम बुडेपर्यंत. ती जुनी दवंडी मागे घ्यायला लावली. धनगराला बोलावून राजाला त्याच्यासमोर उभं केलं. नवरीलाही बोलावलं. मग पोरंसोरंसुद्धा कठड्यावर चढून पाणी बघायला लागली, चंद्र बघायला लागली, वाद घालायला लागली. वाटेवर परत कोणी बुडालं नाही.

केतकी तिच्या घरी सुखाने नांदली. बाळ मोठं झालं, त्याला खीर त्याच्या मावशीने चाटवली, किनाऱ्यावर जाऊन. पुढे गादीवर बकुळ बसली आणि तिने राज्य चांगलं केलं. आता डोळे मिटा. कड बदला. नाही, आणखी काही नाही राहिलं.

राजा? राजा पुष्कळ वर्षं जगला. नातवाचं तोंड त्याने कधीच पाहिलं नाही.