टिमकीचा सायीचा ढग

डोंगरावर होता स्ट्रॉबेरीचा मळा. मळ्यात राहायची टिमकी. टिमकी म्हणजे इटुकली उंदरीण, शेपटी मात्र भली लांब.

दिवसभर तिने किडे हाकलले. म्हणून मळ्याच्या सगुणाकाकूंनी तिला दिली एक लाल स्ट्रॉबेरी आणि वाटीभर साय.

"फेटली की ढगासारखी फुगते हो," काकू म्हणाल्या.

टिमकीला वाटलं, आंबोळीचं पीठ उबेत फुगतं, तशी सायही फुगेल. ठेवली की उन्हात! साय फुगली नाही. उलट पातळ झाली. आता ढग कुठला? टिमकीला रडूच आलं.

तुरुतुरु तुरुतुरु, टिमकी गेली काकूंकडे.
"काकू, काकू, साय फेटा ना."
"कोमट साय फुगत नाही गं बाई. वाटी गार झाली, तर फेटते."

तुरुतुरु तुरुतुरु, टिमकी गेली वाटीकडे.
"वाटीताई, गार हो ना.
काकू साय फेटत नाहीत,
साय काही फुगत नाही,
टिमकीने खावं काय?"
"मी एकटी कशी होऊ? पाणी गार झालं, तर होते."

तुरुतुरु तुरुतुरु, टिमकी गेली हौदातल्या पाण्याकडे.
"पाणीदादा, गार हो ना.
वाटी गार होत नाही,
काकू साय फेटत नाहीत,
साय काही फुगत नाही,
टिमकीने खावं काय?"
"डुबुक. उन्हाने तापलोय मी. धुकं उतरलं, तर होतो."

तुरुतुरु तुरुतुरु, टिमकी गेली कड्यावरच्या धुक्याकडे.
"धुकेआजोबा, खाली उतरा ना.
पाणी गार होत नाही,
वाटी गार होत नाही,
काकू साय फेटत नाहीत,
साय काही फुगत नाही,
टिमकीने खावं काय?"
"हंऽऽ. गुडघे दुखतात बाळ. वाऱ्याने आणलं, तर उतरतो."

तुरुतुरु तुरुतुरु, टिमकी गेली वाऱ्याकडे. वारा झाडात लोळत होता.
"वारामामा, आजोबांना आणा ना.
धुकं खाली उतरत नाही,
पाणी गार होत नाही,
वाटी गार होत नाही,
काकू साय फेटत नाहीत,
साय काही फुगत नाही,
टिमकीने खावं काय?"
"सूंऽऽ. आणतो. पण तुझी स्ट्रॉबेरी मला दे."

टिमकीकडे होती एकच. तिने डोळे घट्ट मिटले. स्ट्रॉबेरी पुढे धरली.

सूंऽऽ. वाऱ्याने नुसता वास घेतला.
"भरलं माझं पोट," वारा म्हणाला.
टिमकीने डोळे उघडले. स्ट्रॉबेरी तिच्याच हातात होती.

मग वारा निघाला, सूं सूं.
धुकं उतरलं, हळू हळू.
पाणी गार झालं, डुबुक डुबुक.
पाण्यात बसून वाटी गार झाली, वाटीतली साय गार झाली.
काकूंनी रवी धरली, घुर्र घुर्र.
साय फुगली, मऊ मऊ.

"आणखी, आणखी," टिमकी म्हणाली.
"बस गं. आणखी घुसळली, तर लोणी होईल."
काकूंनी रवी उचलली. वाटीत पांढरा ढग.

टिमकीने स्ट्रॉबेरी ढगात बुडवली. हळूच खाल्ली. बाहेर धुकं पांढरं, मिशा पांढऱ्या, शेपटीचं टोकही पांढरं. एक बोट ढग तिने वाऱ्यासाठी ठेवला. वारा आला, वास घेऊन गेला. उरलेला ढग टिमकीने चाटला.

वाटी झाली रिकामी, टिमकी निजली वाटीत, आणि गोष्ट निजली तिच्या कुशीत.