सज्ज्याचा कठडा

समुद्रकाठच्या शूर्पारक नगरीवर यशकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या फार जुन्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका अमात्याच्या कुळात जन्मास आला. त्याचे नाव श्रुतसेन. वडील वारल्यावर राजाने त्याला न्यायासनावर बसवले. तो कमी बोलत असे, आणि समोरचा माणूस बोलून गप्प झाला तरी थोडा वेळ ऐकतच राहत असे.

शूर्पारकात दूरदूरचे व्यापारी येत. कोणाला वाऱ्याची वाट पाहावी लागे, कोणाला नौकेत जागा मिळण्याची. तोवर राहायचे कुठे? म्हणून खाडीच्या काठच्या गृहस्थांनी आपल्या घरातल्या खोल्या चार-सहा रात्रींसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. पाहुणे येत, राहत, निघून जात. कोणाचे नाव कोणाच्या लक्षात राहत नसे.

अशा गृहस्थांपैकी एक नंदिक. त्याच्या दुमजली घराला समुद्राकडे तोंड करून लाकडी सज्जा होता. उन्हाळ्यात नगरात पान हलत नसले तरी तिथे वारा असे, त्यामुळे सज्ज्याची खोली कधी रिकामी राहत नसे. नंदिक वाईट माणूस नव्हता. पाहुण्याला पाय धुवायला गरम पाणी द्यायचा, आजारी पडला तर पेज करून घालायचा. पण खाऱ्या वाऱ्याने सज्ज्याच्या कठड्याच्या खुंट्या कुजल्या होत्या आणि ते त्याला ठाऊक होते. हात ठेवला की कठडा किंचित हलत असे. सुताराला बोलवायचे तर खोली बंद ठेवावी लागणार. ‘एवढा हंगाम जाऊ दे,’ असे तो मनाशी म्हणे. हंगाम जाई, दुसरा येई.

एका वर्षी प्रतिष्ठानाहून उत्तिय नावाचा मणिकार आपली पत्नी सामा हिच्यासह तिथे उतरला. मण्यांना बारीक भोके पाडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. परतीरावरच्या एका राजाच्या पदरी त्याला काम मिळाले होते आणि दोघे नौकेची वाट पाहत होते.

दिवस मावळताना दूरवर शीड दिसले. "सामे, आपलीच नौका दिसते," असे म्हणत उत्तिय कठड्याला टेकून पुढे वाकला. लाकूड फाटल्याचा आवाज झाला. सामा आतून धावत आली तेव्हा सज्ज्यात कोणी नव्हते. खाली फरसबंद अंगणात तो उजवा हात अंगाखाली घेऊन पडला होता.

नंदिकानेच धावत जाऊन त्याला उचलले, आत नेले, वैद्याला आणवले. वैद्याने मनगट चाचपले आणि पट्ट्या मागितल्या.

तेवढ्यात खाडीकाठच्या घरमालकांचा प्रमुख सुमंगल आला. त्याने नंदिकाला परसात नेले.

"सुताराला आत्ताच बोलाव," तो म्हणाला. "तुटलेल्या जागी नवे लाकूड बसवून घे. आणि विचारलेच तर सांग, कठडा भक्कम होता, पाहुणाच नको तेवढा वाकला."

"पण सुमंगला, तो माणूस..."

"तो वाचेल किंवा वाचणार नाही. ते तुझ्या हातात नाही. तू आज दोष पत्करलास तर उद्या आम्हा सगळ्यांच्या दाराशी लंगडे, लुळे पाहुणे उभे राहतील. तुझे घर जाईल ते जाईलच."

नंदिकाने आत पाहिले. त्याची बायको शुभा कडेवरच्या मुलीला थोपटत उत्तियाच्या उशाशी बसली होती. घर गेले तर यांना घेऊन कुठे जायचे, एवढा एकच विचार त्याच्या मनात आला. त्याने सुताराला निरोप धाडला.

उत्तियाला ताप चढला. हात सुजून काळानिळा पडला. नौका आली, माल घेऊन निघूनही गेली. सामा नवऱ्याचा श्वास ऐकत बसे आणि श्वास जरा लांबला की दचकून त्याच्या छातीवर हात ठेवी. शेवटी एका सकाळी ती न्यायसभेत जाऊन उभी राहिली.

"अमात्य, मी परक्या गावची आहे," ती म्हणाली. "मला इथला कायदा माहीत नाही. माझा नवरा नंदिकाच्या घरात पडला. त्याचा हात गेला तर आम्ही काय करायचे, आणि हे मी कोणाला विचारायचे, एवढेच सांगा."

नंदिकाला बोलावणे गेले. त्याच्याबरोबर सुमंगल आणि इतर घरमालकही आले.

"कठडा भक्कम होता," नंदिक म्हणाला. तो जमिनीकडे पाहत होता.

सुमंगल पुढे झाला. "अमात्य, अतिथी म्हणून बोलावलेल्याची जबाबदारी यजमानाची, हे शास्त्र आम्हाला मान्य आहे. पण हा अतिथी नव्हे. याने भाडे दिले, खोली घेतली. जितके दिवस खोली त्याची, तितके दिवस तिच्यातले बरेवाईटही त्याचे. वाटसरूने आपला जीव आपण सांभाळावा."

सभेतल्या पुष्कळांनी माना डोलावल्या. श्रुतसेनाने जुने निर्णय आठवून पाहिले. धर्मशाळेचे होते, नावेचे होते, उधार घेतलेल्या बैलाचेही होते. चार रात्रींसाठी भाड्याने दिलेल्या घराचा एकही नव्हता.

त्याच दिवशी राजाने त्याला बोलावून घेतले. "श्रुतसेना, सुमंगल येऊन गेला," राजा म्हणाला. "निकाल विरुद्ध गेला तर हे लोक दारे बंद करतील. व्यापाऱ्यांना आसरा मिळाला नाही तर ते भरुकच्छाच्या बंदराला जातील. एका मणिकाराच्या हातासाठी माझे बंदर ओस पडू देऊ नकोस. तुझ्या जागेवर बसायला इच्छुक पुष्कळ आहेत, हेही तुला ठाऊक आहे."

बोधिसत्त्व घरी परतला, पण त्याला अन्न गोड लागेना. घरमालकांना दोषी धरावे तर बंदर बुडेल आणि ज्यांचा काही अपराध नाही अशा हमालांच्या, नावाड्यांच्या चुली विझतील. पाहुण्याला दोषी धरावे तर खाडीकाठचा एकही कुजका कठडा कधी बदलला जाणार नाही, आणि पुढचा माणूस कोण पडेल हे कोणी सांगावे. दोन्हीकडून त्याला माणसेच दिसत होती.

तो उत्तियाला पाहायला गेला. ताप थोडा उतरला होता.

"मी वाकलो होतो, अमात्य," उत्तिय हळू आवाजात म्हणाला. "खोटे कशाला सांगू. नौका दिसली म्हणून कठड्यावर भार देऊन वाकलो."

सामाने चमकून नवऱ्याकडे पाहिले. हे ऐकून सगळेच हातचे जाईल, अशी भीती तिच्या चेहऱ्यावर उमटली.

"कठडा भार देण्यासाठीच असतो," बोधिसत्त्व म्हणाला. मग त्याने नंदिकाला हाक मारली. "नंदिका, खाली फार उकडते. आपण सज्ज्यात बसून बोलू. सुमंगलालाही बोलाव. तुझी पत्नीही येऊ दे. त्या संध्याकाळी तीही घरात होती, तिचेही ऐकायचे आहे."

सगळे वर गेले. मधोमध नवे, पांढरे लाकूड दिसत होते. दोन्ही बाजूंना जुना कठडा तसाच होता. बोधिसत्त्व जुन्या कठड्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला, कोणी पुढे आलेच तर त्याला आडवा हात घालता यावा म्हणून. शुभा मुलीला कडेवर घेऊन जिना चढून आली. वारा लागताच मुलगी समुद्राकडे हात करून हसू लागली. तिला लाटा दाखवाव्यात म्हणून शुभा कठड्याकडे वळली.

नंदिकाने झेप घेऊन तिचा दंड धरला. "तिथे नको."

खाली खाडीत वल्ह्यांचा आवाज येत होता.

"का नको?" बोधिसत्त्वाने विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता.

नंदिकाने सुमंगलाकडे पाहिले. सुमंगल समुद्राकडे पाहू लागला. शुभा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि हळूहळू तिला सगळे कळले.

"तुम्हाला माहीत होते," ती म्हणाली.

नंदिक मटकन खाली बसला. "माहीत होते. मागच्या हंगामापासून हलतो आहे. हिला आणि पोरीला मी काही ना काही निमित्त काढून वर येऊ देत नव्हतो." त्याने तोंड झाकून घेतले. "पाहुण्यांना सांगितले असते तर खोली कोणी घेतली नसती."

बोधिसत्त्व त्याच्याशेजारी खाली बसला. "आपल्या माणसांना तू जपलेस, तेवढ्यावरून तू निर्दय नाहीस हे कळते," तो म्हणाला. "पण उत्तियाला हे घर चार दिवसांचे ठाऊक, तुला जन्माचे. अंधाऱ्या वाटेवर ज्याच्या हाती दिवा, त्यानेच मागच्याला खड्डा दाखवायचा असतो. भाडे घेतले म्हणून दिवा हातातून सुटत नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने भरसभेत निर्णय दिला. घर एका रात्रीसाठी दिले तरी त्याचा जिना, कठडा, विहीर आणि छप्पर यांची जबाबदारी घरधन्याची. त्याला जो दोष ठाऊक आहे, किंवा जरा लक्ष दिले असते तर ठाऊक झाला असता, त्यापासून होणारी इजा त्याच्या माथी. पाहुणा येईल तेव्हा घरधन्याने त्याला घर हिंडून दाखवावे. दाखवून, बजावूनही पाहुणा उन्मत्तपणे वागला तर दोष पाहुण्याचा. नंदिकाचे घर जप्त करू नये, कारण घर गेले तर जखमीला कोण पोसणार? उत्तिय कामाला लागेपर्यंत, आणि हात गेलाच तर जन्मभर, दोघांचा निर्वाह नंदिकाने करावा.

सुमंगल सभेतून उठून गेला. संध्याकाळपर्यंत खाडीकाठची सगळी दारे बंद झाली.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. व्यापारी वाळूत बोचकी उशाला घेऊन झोपू लागले. एक तांडा माल न उतरवताच उत्तरेकडे वळला. बाजारात लोक श्रुतसेनाला पाहून बोलणे थांबवत. राजाचा दूत येऊन म्हणाला, "महाराज विचारतात, निर्णय मागे घेणार का?"

"जागा महाराजांची आहे, ती त्यांनी खुशाल परत घ्यावी," बोधिसत्त्व म्हणाला. "निर्णय मागे घेतला तर पुढच्या उत्तियाला मी काय सांगू?" दूत गेल्यावर मात्र तो बराच वेळ खिडकीशी उभा राहून रिकाम्या धक्क्याकडे पाहत होता. आपण चुकलो तर नाही ना, हा प्रश्न त्याने टाळला नाही.

पहिले दार उघडले ते नंदिकाने. त्याने सगळा कठडा नवा करून घेतला होता, जिन्याला दोर बांधला होता. धक्क्यावर जाऊन तो एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला म्हणाला, "माझ्या घरी माणूस पडला होता. हे इथे सगळ्यांना माहीत आहे. आता काय काय दुरुस्त केले ते या, पाहा, मग ठरवा."

व्यापारी आला. त्याने स्वतः कठडा हलवून पाहिला आणि खोली घेतली. वाळूत झोपलेल्यांमध्ये बातमी पसरली, आणि नंदिकाच्या दाराशी लोक थांबू लागले. ते पाहून शेजारच्याने सुताराला बोलावले, मग त्याच्या शेजारच्याने. सुमंगलाने सर्वांच्या शेवटी दार उघडले. पुढे व्यापारी म्हणू लागले की शूर्पारकात निर्धास्त झोप लागते, आणि पूर्वीपेक्षा अधिक नौका तिथे थांबू लागल्या. राजाने श्रुतसेनाला काही म्हटले नाही. त्याची जागा मात्र त्याच्याकडेच राहिली.

उत्तिय वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे पुन्हा वळली नाहीत. बारीक भोक पाडणे त्याला कधीच जमले नाही. तो सामाजवळ बसून तिला शिकवू लागला. सुरुवातीला ती मणी फोडी आणि रडे. पुढे तिचा हात बसला. नंदिक त्यांना आयुष्यभर अन्नवस्त्र पुरवीत राहिला, आणि उत्तियाचा तो हात पाहिला की दर वेळी त्याची मान खाली जाई.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, अतिथिशाळा सांभाळणाऱ्या भिक्षूंना सांगितली. तिथे एक आगंतुक भिक्षू निखळलेल्या पायरीवरून पडला होता आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. कथा सांगून झाल्यावर शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मी जो नंदिक होता, तो आज अतिथिशाळेची व्यवस्था पाहणारा सुखविहारी. उत्तिय म्हणजे हाच पाय मोडलेला आगंतुक. सामा ही त्याला रोज औषध आणून देणारी उपासिका. सुमंगल होता तो भिक्षू मागे बसला आहे, त्याचे नाव मी घेत नाही. आणि अमात्य श्रुतसेन मीच होतो. जो आपल्या छपराखाली येतो, त्याच्या जिवाविषयी जागे राहणे, यालाच अप्रमाद म्हणतात."

सुखविहारी उठला, शास्त्यांना वंदन करून त्या आगंतुकाजवळ गेला आणि म्हणाला, "भंते, पायरी निखळली आहे हे मला माहीत होते."