मांडीवर थापलेले कौल

एका राज्यात राहून तीन राज्यांची गोष्ट सांगता येत नाही. तरी सुरुवात कुठून तरी करावी लागते, म्हणून डोंगरातल्या राज्यापासून करू.

तिथे तुंगदेव नावाचा राजा होता. त्याच्या दक्षिणेला नदीकाठचे राज्य, तिथे राणी वेणुमती. पश्चिमेला रानाचे राज्य, तिथे राजा खदिर. तिन्ही राज्यांच्या सीमा जिथे मिळत, तिथे एक खिंड होती. खिंडीपलीकडे कुंभक नावाचा मांत्रिक राहत असे, आणि त्याने पाळलेले हीव.

हीव म्हणजे थंडी नव्हे. थंडी येते आणि जाते. हीव चालत येते, शोधत येते, आणि ज्याला शिवते त्याचा श्वास धरून ठेवते. माणूस लगेच मरत नाही. उभ्या जागी थिजतो. मग दोन श्वासांमधले अंतर वाढत जाते, आणि एक श्वास असा येतो की त्याच्यामागून दुसरा येत नाही.

हिवाला भय एकच, अग्नीचे. म्हणून जुन्या राजांनी खिंडीच्या तोंडाशी चौकी बांधली होती आणि चौकीत धुनी पेटती ठेवली होती. खिंडीत वरून दहिवर अखंड ठिबकत असे, तेव्हा धुनीवर छप्पर हवे. छपराला तीन उतार होते. एका उतारावर डोंगरची कौले, दुसऱ्यावर नदीकाठची, तिसऱ्यावर रानातली. माथ्यावर तिन्हींची कौले एकमेकांवर चढलेली. एकटे कौल पाणी अडवीत नाही. शेजारच्यावर चढले तरच अडवते. त्या काळी राजाने राजाला अभयाचा शब्द दिला की त्यालाही कौलच म्हणत, आणि लोक दोन्हींत फार फरक करीत नसत.

चौकीत तिन्ही राज्यांचा एकेक पहारेकरी राही. डोंगरच्या वतीने पहाऱ्यावर होती अरणी, तुंगदेवाची एकुलती मुलगी. नदीकाठचा आणि रानातला पहारेकरी तिच्यापेक्षा वयाने मोठे होते. तिघांची चूल एक होती.

एका वर्षी कुंभक राखी रंगाची घोंगडी पांघरून खिंड उतरला. धुनीने वाटसरूला अडवले नाही. ती हिवाला अडवण्यासाठी होती. तो तिन्ही दरबारांत गेला. तिथे तो एक अक्षरही खोटे बोलला नाही. प्रत्येक ठिकाणी त्याने एवढेच विचारले, की उद्या शेजाऱ्याने आपली कौले काढून नेली तर आपल्या हाती काय उरेल? मग बिदागी घेऊन तो निघून गेला.

तुंगदेव शहाणा राजा होता. त्याने पुष्कळ वाचले होते. म्हणून तो प्रश्न त्याच्या मनात खोल गेला. आपण कौल मोडणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. पण दुसऱ्याने आधी मोडला तर आपण मूर्ख ठरू, हेही तितकेच पक्के वाटू लागले. त्याने आपली माणसे चौकीशी पाठवली. मोडायला नव्हे, केवळ सज्ज राहायला. वेणुमतीनेही पाठवली. खदिरानेही पाठवली.

एका सकाळी दाट धुके पडले. चौकीच्या तीन बाजूंना तीन राज्यांची माणसे शिड्या लावून उभी होती आणि कोणाला कोणी दिसत नव्हते. कुठेतरी एक कौल खणकले. प्रत्येकाला तो आवाज पलीकडच्या बाजूने आला असे वाटले. ऊन पडेपर्यंत छप्पर उघडे झाले होते.

त्याआधी प्रत्येक राज्याने आपल्या पहारेकऱ्याला खाली बोलावले होते. अरणीने बापाला निरोप धाडला, "आबा, हे छप्पर तुमचे एकट्याचे नाही. मी येणार नाही." बाकीचे दोघे आज्ञाधारक होते, ते उतरू लागले. धुनी दहिवराखाली चरचरली आणि विझली. हिवाने त्या दोघांना उतारावरच गाठले. अरणी दाराला खांदा लावून उभी होती. ती तशीच थिजली.

राजांनी काढून नेलेली कौले आपापल्या खजिन्यात रत्नांच्या शेजारी कुलपात ठेवली, आणि खजिन्यांत पाऊस पडू लागला. बाहेर कोरडे, वर छत धड, पण कौले ठेवली होती तिथे संततधार. कौलांचा चिखल झाला. मग प्रत्येक राज्याने आपल्या कुंभारांकडून नवी कौले करवून चौकीवर पाठवली. चढवलेले कौल सकाळपर्यंत तडकून पडे. कुंभकाने जाता जाता कौलांना शापच तसा घातला होता : एकट्याचे कौल टिकायचे नाही.

हीव खाली उतरत राहिले. वरच्या वाड्यांतून दूध गाईंच्या सडातच गोठले. जात्याशी बसलेल्या बाया खुंट्यावर हात ठेवून तशाच राहिल्या. आणि तिन्ही राज्यांच्या फौजा सीमेवर एकमेकांसमोर उभ्या होत्या, भाले रोखून. खिंडीकडे सगळ्यांची पाठ होती.

शेवटी तुंगदेव पेटती मशाल घेऊन एकटाच चौकीवर चढला. अरणीच्या पापण्यांवर पांढरे साचले होते. छपराच्या उघड्या वाशावर एक साळुंकी बसली होती. धुक्याच्या त्या सकाळीही ती तिथेच बसली होती.

साळुंकी म्हणाली, "राजा, मला दोन गोष्टी ठाऊक आहेत. पहिले कौल कोणी काढले, ते एक. छप्पर पुन्हा कसे होईल, ते दुसरे. तुला एकच सांगेन."

राजाचे तोंड पहिल्या प्रश्नासाठीच उघडले. त्या सकाळपासून त्याने दुसरे काही मनात आणले नव्हते. तेवढ्यात अरणीने श्वास घेतला. राजा पुढच्या श्वासाची वाट पाहत राहिला. तो इतका लांबला, की राजाने दुसरा प्रश्न विचारला.

"तिघांच्या खजिन्यांतला चिखल, तिघांच्या चुलींतला निखारा, तिघांच्या मांडीचा साचा," साळुंकी म्हणाली. "चिखल आणायला आपल्या खजिन्यात शिरायचे नाही, दुसऱ्याच्या शिरायचे. निखारा दुसऱ्याचा घ्यायचा, उघड्या तळहातावर."

"आणि मांडी?"

"मांडी आपलीच. पण एकट्याने बसून भागणार नाही."

तुंगदेव तलवार चौकीतच टाकून नदीकाठी गेला. वेणुमतीने त्याला दरबारात उभेच ठेवले.

"डोंगरावरून आमच्याकडे सरळ येते ते फक्त पाणी," ती म्हणाली. "तुम्ही सरळ आलात हे कशावरून धरू?"

तुंगदेवाने साळुंकीचे सांगणे सांगितले. एक गोष्ट मात्र गाळली : पहिले कोण, हे साळुंकीला ठाऊक आहे ही. गाळली, कारण उत्तराची त्याला भीती वाटत होती. त्याची माणसे त्या सकाळी अगदी पुढे उभी होती. मग त्याने आपल्या खजिन्याची किल्ली काढून राणीच्या पायरीवर ठेवली आणि म्हणाला, माझे आधी उघडा, मग तुमचे दाखवायचे की नाही ते ठरवा.

राणीने किल्ली पुष्कळ वेळ पाहिली. मग ती उचलून खदिराकडे पाठवली, सोबत निरोप, की डोंगरच्या खजिन्यात तुम्ही शिरा, रानाच्या खजिन्यात मी येते, माझ्या खजिन्यात डोंगरराजे जातील. म्हणजे फसलो तर तिघेही सारखेच फसू.

खदिर आला, पण चिलखत घालूनच. तो तुंगदेवाच्या खजिन्यात शिरला. तिथे पाऊस पडत होता आणि पेटारे बहुतेक रिकामे होते. सीमेवरच्या फौजेने ते खाल्ले होते. नदीकाठच्या खजिन्यात तुंगदेवाला तेच दिसले. रानाच्या खजिन्यात वेणुमतीला मधाची गाडगी आणि चिखल, एवढेच सापडले.

खदिर म्हणाला, "डोंगरराजे, तुमच्या सोन्याच्या धाकाने मी चिलखत घालून झोपत होतो. पाठ सोलून निघाली माझी. आधी सांगितले असते की आत उंदीर आहेत, तर निजलो तरी असतो." कोणी हसले नाही. पण त्याने चिलखत काढून गाडीत टाकले.

चिखल मिळाला. मग निखारे. हे निखारे विचित्र होते. दुसऱ्याने दिलेला निखारा तळहातावर घेतला तर तो भाजत नसे. पण देणाऱ्याने मुद्दाम जास्त तापलेला दिला, असे मनात आले की भाजे, आणि टाकला की विझे. तिघेही डोंगर चढत होते आणि तिघांच्याही हातांतून धूर येत होता. वाटेत नदीकाठचा आणि रानातला असे दोन थिजलेले पहारेकरी लागले. वेणुमती आपल्या माणसासमोर थांबली. त्याचा श्वास संपलेला होता. खदिराच्या माणसाचाही संपलेला होता. तिथून पुढे कोणी एकमेकांकडे पाहिले नाही, पण निखारा कोणी टाकलाही नाही.

चौकीत पोचल्यावर त्यांनी निखारे दगडांच्या आडोशाला ठेवले, तिन्ही चिखल एकत्र मळले आणि पोळीसारखे थापले. कौल मांडीवर थापतात. मांडीची गोलाई त्याला येते. तिघे बसायला लागले. तेवढ्यात वाशावरून साळुंकी बोलली, "पहिले कोण ते मला ठाऊक आहे. आता तिघे आहात. तिघांनी मिळून विचारले तर सांगेन."

खदिर उठून उभा राहिला. "हे तुम्ही आम्हाला सांगितले नाहीत," तो तुंगदेवाला म्हणाला. "का सांगितले नाहीत, ते आता मला कळते."

"पक्ष्याला बोलू द्या," वेणुमती म्हणाली. तिच्या मांडीवरचा चिखल खाली सरकला. "माझा माणूस उतारावर मेला आहे. कोणामुळे मेला ते मला कळायला हवे. त्याशिवाय मी यांच्या शेजारी बसणार नाही."

दारापाशी अरणीने श्वास घेतला. बापाला तो ऐकू आला. त्याचे कान दुसऱ्या कशाकडे नव्हतेच. मग त्याने पुढच्याची वाट पाहिली. तो आला नाही. अजून आला नाही.

तुंगदेव म्हणाला, "मीच."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही. पण असू शकेन. माझी माणसे शिड्या लावून उभी होती, आणि माझी मुलगी छपराखाली आहे हे मला माहीत होते. माझ्या नावावर घ्या. मेलेले दोघेही माझ्या नावावर घ्या. पण आता बसा."

खदिर राणीकडे पाहत होता, राणी चिखलाकडे.

"शिड्या माझ्याही होत्या," राणी म्हणाली. "त्याला मीच खाली बोलावले. वर राहिला असता तर दारामागे तरी असता."

खदिर धपकन खाली बसला. "आता पहिलेपणासाठी भांडू नका," तो म्हणाला. "एकदा भांडलो तेवढे पुरे. सरका थोडे, राणीसाहेब. मांडीला मांडी लागली पाहिजे म्हणे."

मांडीला मांडी लावून बसणे असे आपण सहज म्हणतो. ते तिघे तसे बसले, खरोखरीचे, आणि थंड चिखल मांडीवर घेतला. चिखलाने मांडीची ऊब ओढून घेतली, मग बळ ओढून घेतले. तिघांनाही ते जाताना कळले. पण कोणी पाय मागे घेतला नाही. मागे घेतला असता तर शेजाऱ्याचे कौल वाकडे झाले असते. तिन्ही कौले निखाऱ्यांत भाजली. ती एकमेकांवर अशी चढली, की मध्ये केस जाईना.

ती माथ्यावर ठेवताच शाप सुटला. मग खाली उतारांवर कुंभारांची उरलेली कौले चढवली, त्यांतले एकही तडकले नाही. त्याच निखाऱ्यांनी धुनी पेटली. हीव वाड्यांमधून, उतारावरून, खिंडीतून मागे सरले, आणि पलीकडे दुसरे कोणी नसल्यामुळे त्याने आपल्या धन्याचाच श्वास धरला. कुंभक अजून तिथे उभा आहे. जात्यांवरच्या बाया उठल्या, सगळ्या नव्हे. उतारावरचे दोघे उठले नाहीत.

अरणीने श्वास घेतला आणि त्याच्यामागून दुसरा घेतला. पापण्यांवरचे पांढरे वितळले. तिने वर पाहिले, मग समोरच्या तिघांकडे पाहिले, आणि तिच्या तोंडून पहिले शब्द आले ते हे :

"छप्पर कोणी काढले होते?"

वाशावर साळुंकीने चोच उघडली. हा प्रश्न तिला कोणी सरळ विचारला नव्हता, आणि अरणीला एक उत्तर मिळण्याचा हक्क होता. खदिराने कमरेच्या पिशवीतून मूठभर ज्वारी काढून तिच्यापुढे फेकली. साळुंकीने दाणा उचलला. चोच भरली.

"आम्ही," तुंगदेव म्हणाला.

"आम्ही म्हणजे कोण, आबा?"

"आम्ही," वेणुमती म्हणाली. आणि खदिरही तेच म्हणाला.

अरणीने खांदा दारावरून काढला. तो पुढे कधीच गरम झाला नाही. ती म्हणाली, "मग आता खाली जा, आबा. दार उघडे राहिले की वारा आत येतो."

तिघे खाली उतरले, तिघेही लंगडत. एकट्याला तो उतार उतरता येत नव्हता, म्हणून एकमेकांना धरून उतरले. सीमेवरच्या फौजांनी ते पाहिले आणि भाले खाली केले. काही जण तर खिंडीकडे तोंड करून उभे राहिले.

तेव्हापासून चौकीत पुन्हा तीन पहारेकरी असतात आणि चूल एक असते. त्यांची कामे दोन. धुनीत लाकूड घालायचे, आणि वाशावरच्या साळुंकीला दाणा टाकायचा. एका राज्यात पीक बुडाले तर दुसऱ्या राज्यातून दाणा येतो. साळुंकी म्हातारी होत नाही, विसरत नाही, आणि तिला अजून ठाऊक आहे. तिची चोच रिकामी राहू द्यायची नाही, एवढाच त्या तीन राज्यांचा तह.

कौल जागेवर आहे, तोवर ही कहाणीही जागेवर आहे.